कामवारी क्लब आणि सोमवारचा फळा

रविवारी सकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी यादव रोकडे तपासणीच्या टेबलापाशी उभे होते आणि कापडाचा दुसरा ताका निम्मा ओढून झाला होता. भिवंडीत यंत्रमाग शुक्रवारी बंद असतात, रविवारी नाही. सामना साडेनऊला होता. पावणेनऊला निघायचं तर चार ताके हातावेगळे व्हायला हवे होते. उरलेलं काम दुपारी परत येऊन करायचं, असं मालकाशी बारा वर्षांपूर्वी ठरलं आहे. एकाही रविवारी ते मोडलेलं नाही.

रोकडे सत्तावन्न वर्षांचे आहेत. निजामपुऱ्यातल्या एका कारखान्यात ते तेहेतीस वर्षं कापड तपासतात. लूमवरून उतरलेलं कोरं कापड तिरक्या टेबलावरून हाताने ओढायचं, खालून ट्यूबलाइटचा उजेड, वरून नजर. धागा तुटलेला, गाठ आलेली, तेलाचा डाग पडलेला दिसला की खडूने गोल करायचा आणि ताक्याच्या टोकाला लूमचा नंबर टाकायचा. नंबर टाकला की विणकर कोण ते सगळ्यांना कळतं. शंभर मीटर कापडात चार दोष असले तर ते चार टिपले जातात. उरलेल्या कापडाबद्दल कोणी काही लिहीत नाही, तशी पद्धतच नाही.

त्या रविवारी कामवारी क्लबच्या मुली जिल्हा साखळीतला चौदावा, म्हणजे शेवटचा सामना खेळणार होत्या. आठ संघांत कामवारी सहावा होता, सतरा गुणांवर. सातव्या माळशेज क्लबचे चौदा गुण होते, पण त्यांनी गोल जास्त केले होते. खालचे दोन संघ 'ब' गटात जातात. कामवारी हरला आणि माळशेज जिंकला, तर अकरा वर्षं 'ब' गटात काढून मिळवलेला 'अ' गट एका वर्षात जाणार होता. बरोबरी पुरेशी होती.

"आज काय वाटतं, चाचा?" चौदा नंबरच्या लूमवरच्या विणकराने विचारलं. तो आझमगढचा आहे. हॉकीतलं त्याला फारसं कळत नाही, रोकडे दर सोमवारी लिहितात त्या फळ्यातलं सगळं कळतं.

"वाटायचं काय त्यात? साडेनऊला कळेल."

"साडेनौ को तो शुरू होगा."

"मग अकराला कळेल."

या संघात रोकड्यांचं नात्यातलं कोणी नाही. हा प्रश्न त्यांना दरवर्षी कोणी ना कोणी विचारतं. मुलगी आहे, ती लग्न होऊन बदलापूरला असते आणि तिने कधी स्टिक हातात धरलेली नाही. रोकडे स्वतः विशीत मुरमाच्या मैदानावर खेळायचे, काम लागल्यावर ते सुटलं. बारा वर्षांपूर्वी तहसील कचेरीतून निवृत्त झालेले प्रभाकर टेंबे यांनी शाळेच्या मैदानावर मुलींचा संघ उभा केला, तेव्हा रोकडे पहिल्याच सामन्याला कुंपणाशी उभे होते. संघ सहा गोलांनी हरला. पुढच्या हंगामात पहिला विजय मिळाला, तो कोणत्याच वर्तमानपत्रात आला नाही. म्हणून सोमवारी रोकड्यांनी रिक्षा स्टँडजवळच्या सार्वजनिक फळ्यावर तो लिहून टाकला. त्या दिवसापासून हंगामातला एकही सोमवार चुकलेला नाही.

फळ्याची मांडणी ठरलेली आहे. वरच्या डाव्या कोपऱ्यात गट. मध्ये तारीख, दोन्ही संघ, गोल. त्याखाली एक रेघ आणि 'दोष' असा शब्द. दोषाखाली मिनिट आणि खेळाडूचं नाव. गोल खाल्ला तो कोणाच्या हातून, हे लिहिलं नाही तर नोंद अपुरी राहते, असं त्यांचं म्हणणं. ते सामना बघतातच तसे. वही हातात, दर मिनिटाला एखादा शब्द. अशा अकरा वह्या घरात आहेत. फळ्यावर जागा कमी, म्हणून तिथे फक्त चेंडू शेवटी ज्याच्याकडून सुटला त्याचं नाव.

दहा वर्षं हे चाललं, कारण कोणी वाचत नव्हतं. 'ब' गटातल्या संघाचे दोष वाचायला रिक्षासाठी उभ्या असलेल्या माणसाला वेळ नसतो. यंदा कोपऱ्यात 'अ' आला आणि माणसं थांबू लागली. स्टँडवरचा रिक्षावाला सागर सकाळी सातला फळ्याचा फोटो काढून भागातल्या ग्रुपवर टाकू लागला. खडू गुरुवारपर्यंत पुसट होतो. फोटो होत नाही.

"काका, आज कोणाची विकेट काढली?" सागर विचारायचा.

"हॉकीत विकेट नसते," रोकडे म्हणायचे आणि खडूची पूड झटकायचे.

हंगाम बरा सुरू झाला होता. पहिल्या पाच सामन्यांत तीन विजय, एक बरोबरी, एक हार. मग घसरण लागली. सहाव्या ते अकराव्या सामन्यापर्यंत पाच पराभव आणि एक बरोबरी. सहा सामन्यांत चौदा गोल खाल्ले. फळ्यावर त्यातले नऊ एकाच नावासमोर होते: धम्मदिना शेजवळ, डाव्या बाजूची बचावपटू, वय तेवीस. ती एका खाजगी लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेण्याचं काम करते. रोकड्यांच्या गल्लीपासून तिसऱ्या गल्लीत राहते आणि त्यांना लहानपणापासून काका म्हणते.

अकरावा सामना चार-शून्य गेला. तीन नोंदी धम्मदिनाच्या. त्या बुधवारी जेवणाच्या सुट्टीत संघाची कप्तान रुचिरा वैद्य कारखान्याच्या दारात येऊन उभी राहिली. ती पतपेढीत कारकून आहे, डबा न खाता आली होती.

"काका, रविवारी धम्मदिना येत नाही म्हणते."

"बरं नाही का तिला?"

"ठणठणीत आहे. काल लॅबमध्ये एकाने हात पुढे केला आणि म्हणाला, मॅडम, तेवढी सुई तरी सोडू नका."

रोकड्यांनी डब्याचं झाकण लावलं. "मी खोटं लिहिलं का काही?"

"नाही. तेच वाईट आहे. खोटं असतं तर भांडता आलं असतं."

"मग काय, दोष लिहायचा नाही?"

"लिहू नका असं मी म्हणत नाही. मी काय होतंय ते सांगते. चेंडू आला की मुलींना तुमचा फळा दिसतो. मैदानापासून दीड किलोमीटर लांब आहे, तरी दिसतो. ज्याच्याकडे चेंडू त्याचं नाव. मग चेंडू ठेवतंय कोण? आला की मागे ढकलायचा. मागे कोण असतं?"

रोकड्यांनी डबा बाजूला ठेवला.

"मीसुद्धा ढकललाय," रुचिरा म्हणाली. "रविवारी दोनदा पुढे मोकळी जागा होती मला. दोनदा तिला मागे दिला आणि गोल झाले. माझं नाव आलं फळ्यावर?"

"नाही."

"बघा."

ती गेली. टेंबे सर महिनाभर सरावात हेच सांगत होते, हे रोकड्यांना नंतर कळलं. 'चेंडू अंगावर घ्या, गरम वाटी असल्यासारखा पुढे सारू नका,' असं ते सगळ्यांसमोर ओरडत. मुली माना डोलवत आणि रविवारी परत तेच करत.

संध्याकाळी रोकड्यांनी बायकोला, बकुळाबाईंना, सगळं सांगितलं. त्या पडघ्याजवळच्या गावातल्या. चाळीस वर्षं भिवंडीत काढली तरी बोली गावाचीच ठेवली आहे.

"तुमी घरात पन आसंच करता," त्या म्हणाल्या. "भाकरीवरचा करपलेला टिकला बगता. भाकर न्हाय बगत."

"मी कधी बोललो भाकरीला?"

"बोलत न्हाय. निस्तं बोट ठेवता त्याच्यावर. त्या पोरीवर बी तसंच बोट ठेवलाव. आता शेजवळबाईला मी कोनत्या तोंडानं भेटू?"

रोकडे जेवून उठले. आपण चुकलो असं त्यांना तेव्हाही वाटलं नव्हतं. आपण जे पाहिलं तेच लिहिलं, हे त्यांचं बत्तीस-तेहेतीस वर्षांचं भांडवल होतं आणि ते कोणी असं हातातून काढून घ्यावं हे त्यांना पटत नव्हतं.

गुरुवारी सकाळी चौदा नंबरचा ताका टेबलावर आला. कापडात उजव्या काठापासून चार बोटांवर एक बारीक उभी रेघ होती. दहा मीटर ओढलं, रेघ तिथेच. पन्नास मीटरवर तिथेच. त्याच लूमचा आदल्या दिवशीचा ताका काढून पाहिला, त्यातही तिथेच. अशी रेघ विणकराच्या हातून येत नाही. विणकराची चूक येते आणि जाते. एकाच जागी सतत येणारा दोष मागून, बीमवरून आलेला असतो; लूमला जोडण्याआधीच उभे धागे ज्यावर गुंडाळलेले असतात त्या रुळावरून. हे या धंद्यात पहिल्या महिन्यात शिकवतात. रोकड्यांनी ताक्याच्या टोकाला नंबर न टाकता 'बीम' असं लिहिलं. हात सवयीने चालला होता.

विणकर बाजूला उभा राहून बघत होता. "शुक्र है, चाचा," तो म्हणाला. "मुझे लगा मेरा भी फळ्यावर नाम आएगा."

रोकड्यांच्या हातात खडू तसाच राहिला. नऊ वेळा एकच नाव, एकाच बाजूला, सहा आठवडे. कापडात असं दिसलं असतं तर त्यांनी एका मिनिटात मागे जाऊन पाहिलं असतं.

शुक्रवार सुट्टीचा. सकाळी चहा झाल्यावर ते यंदाची वही घेऊन बसले. वहीत सगळं होतं. चेंडू शेवटी कोणाकडून सुटला ते होतं आणि त्याआधी कोणी कोणाकडे दिला तेही होतं. ते त्यांनीच लिहिलं होतं आणि फळ्यावर जागा नाही म्हणून सोडून दिलं होतं. नऊ गोल त्यांनी एकेक करून मागे नेले. सात वेळा मधल्या फळीतल्या कोणीतरी, पुढे जागा असताना, चेंडू धम्मदिनाकडे परत ढकलला होता. तिच्यासमोर प्रत्येक वेळी प्रतिस्पर्ध्यांच्या दोघी होत्या आणि मदतीला कोणी नव्हतं.

साडेदहाला रोकडे फळ्यापाशी होते. शुक्रवारी त्यांना तिथे कोणी कधी पाहिलं नव्हतं. माग बंद असल्यामुळे स्टँडवर गर्दी कमी होती. त्यांनी सोमवारचा मजकूर पुसला आणि लिहिलं:

'दुरुस्ती. मागील सहा सोमवारी धम्मदिना शेजवळ हिच्या नावावर नऊ दोष लिहिले. त्यातील सात तिचे नाहीत. चेंडू तिच्याकडे मागे ढकलण्यात आला होता. नोंद वहीत होती, फळ्यावर घेतली नाही. तपासणाऱ्याची चूक. यादव रोकडे.'

अकरा हंगामांत फळ्यावर त्यांनी स्वतःचं नाव पहिल्यांदा घातलं.

सागरने दोनदा वाचलं. "काका, हा पण टाकू ग्रुपवर?"

"बाकीचे टाकलेस ना?"

"टाकले."

"मग विचारतोस काय?"

कारखान्यात कापड तपासणाऱ्याचं काम तपासायला कोणी नसतं. एकदा त्याने खडूने गोल केला की तो दोष आणि नाही केला की ते चांगलं कापड. त्यामुळे तिथे शनिवारी या फोटोची चर्चा झाली, तिच्यात हॉकी कमी होती. एका जुन्या विणकराने पाच वर्षांपूर्वीच्या एका डागाची आठवण काढली. रोकड्यांनी ती ऐकून घेतली, मान्य मात्र केली नाही.

रविवारी बाराव्या सामन्याला धम्मदिना आली. किट बॅग खांद्यावर तशीच ठेवून ती आधी कुंपणाशी गेली.

"जय भीम, काका."

"जय भीम."

"सात नाही. सहा."

रोकड्यांनी वही उघडली. "कोणता नाही?"

"तिसऱ्या सामन्यातला. म्हणजे घसरणीतल्या तिसऱ्या. एक-एक झाला तो. चेंडू मागे आला होता खरा, पण माझ्याकडे वेळ होता. मी बघत राहिले. तो माझा आहे."

"नक्की?"

"काका, पायात आला होता चेंडू. मला माहीत नसेल?"

त्यांनी खूण केली. सोमवारच्या फळ्यावर निकालाखाली एक ओळ होती: 'दुरुस्तीत दुरुस्ती: सात नव्हे, सहा. खेळाडूने स्वतः सांगितले.' या ओळीबद्दल रोकडे आजही बोलतात. संघाच्या विजयांबद्दल बोलतात त्याहून थोडं जास्त. आपल्या भागातली मुलगी स्वतःची चूक मागून घेते, असं ते सांगतात आणि समोरच्याला ते नीट कळलं की नाही हे पाहतात.

बारावा सामना दोन-एक जिंकला. फळ्यामुळे संघ सावरला असं म्हणणं बरोबर होणार नाही. समोरचा संघ तळाचा होता आणि टेंबे सरांनी त्या आठवड्यात सरावात चेंडू मागे द्यायलाच बंदी केली होती. मागे दिला की देणारीने मैदानाला एक फेरी. रुचिरा पहिल्या दिवशी चार फेऱ्या धावली. पण मुली चेंडू ठेवू लागल्या, एवढं कुंपणावरूनही दिसत होतं. चुकाही झाल्या. फळ्यावर आता दोषाखाली नाव नसतं, जागा असते: 'मधली फळी, डावी बाजू, ३१ वे मिनिट.' बीम लिहावं तसं. सागरची पहिल्या सोमवारी तक्रार होती.

"नाव नाही तर मजा काय, काका?"

"निकाल वाच. जिंकलोत."

तेरावा सामना एक-शून्य जिंकला. धम्मदिनाच्या लॅबमध्ये कोणीतरी विचारलं, आता सुया टोचायला वेळ मिळतो का? ती म्हणाली, तुमच्यासाठी जाडी काढून ठेवली आहे.

अशा रीतीने हंगाम त्या शेवटच्या रविवारवर आला होता. रोकड्यांनी चौथा ताका आठ पस्तीसला संपवला. हात धुतले, वही घेतली. मैदानावर पोचले तेव्हा नऊला दहा कमी होते. 'ब' गटात असताना तीस-पस्तीस माणसं यायची. त्या दिवशी कुंपणाच्या दोन्ही बाजूंना दोनशेच्या वर होती. सात रिक्षा भिंतीला लावलेल्या होत्या. चौदा नंबरचा विणकरही सुट्टी मागून आला होता आणि तो कोणाला तरी पेनल्टी कॉर्नर समजावून सांगत होता, चुकीचा. बकुळाबाई शेजवळबाईंबरोबर सावलीच्या बाजूला बसल्या होत्या.

समोर पारसिक क्लब, तक्त्यात दुसरा. त्यांनी नवव्या मिनिटाला गोल केला. कामवारीने मध्यंतराआधी फेडला. चाळिसाव्या मिनिटाला रुचिराने पेनल्टी कॉर्नरवर दुसरा मारला तेव्हा कुंपण एका जागी वाकलं. त्रेपन्नाव्या मिनिटाला पारसिकने बरोबरी केली. तेवढ्यात कोणाच्या तरी फोनवर कळलं की माळशेज तिकडे जिंकत आहे. म्हणजे हा निकाल असाच टिकायला हवा होता, सात मिनिटं.

छप्पन्नाव्या मिनिटाला पारसिकचा एक फटका गोलरक्षकाच्या पॅडवरून उडून डाव्या बाजूला धम्मदिनाकडे आला. समोर दोघी धावत येत होत्या. आंधळा फटका मारून चेंडू बाहेर घालवता आला असता. उजवीकडे रुचिरा मोकळी होती, तिच्याकडे सरकवून सुटता आलं असतं. धम्मदिनाने चेंडू स्टिकला लावून ठेवला. पहिलीला तिने अंगावर येऊ दिलं आणि चेंडू आतून काढला. दुसरी पाय टाकून आडवी आली, तेव्हा चेंडू तिला ओलांडून गेला होता. मैदान मुरमाचं, उसळी बेभरवशाची. पंचवीस-तीस मीटर ती त्यावरून चेंडू घेऊन पळाली आणि पारसिकच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन तिथे अडकवून ठेवला. पारसिकला तो सोडवायला पाऊण मिनिट लागलं. कुंपणावर कोणी ओरडत नव्हतं, सगळे मोजत होते.

रोकड्यांच्या वहीत त्या मिनिटासमोर तीनच शब्द आहेत: 'ध. स्वतः पुढे.' अक्षर नेहमीसारखंच सरळ आहे.

सामना दोन-दोन सुटला. माळशेज जिंकला, सतरा गुण. कामवारी अठरा. टेंबे सर खुर्चीवर बसून राहिले, मग उठून खुर्ची शाळेत परत ठेवायला गेले. रुचिराने कुंपणाशी येऊन रोकड्यांना विचारलं, "काय, काका? दोष किती?"

"पाच. दोन तुझ्या बाजूला."

"लिहा."

धम्मदिना बुटातली माती झटकत होती. रोकडे तिच्याजवळ थांबले. आधीच्या दोन दिवसांत काहीतरी बोलायचं ठरवलं होतं, ते राहिलं. वही उघडून छप्पन्नाव्या मिनिटाची ओळ तिच्यासमोर धरली. तिने वाचली.

"बरोबर आहे," ती म्हणाली.

साडेबाराला रोकडे परत टेबलापाशी होते आणि पाचवा ताका ओढत होते. विणकर त्यांच्या आधी पोचला होता. चौदा नंबरचं ते खराब बीम आदल्या दिवशी संपलं, नवं चढलं आहे. कापडात रेघ नाही.

उद्या सोमवार. रोकडे सव्वासहाला घरून निघतात आणि सहा चाळीसला फळा लिहून झालेला असतो. वरच्या डाव्या कोपऱ्यात पुढच्या हंगामाचा गट लिहायचा आहे. तिथे 'अ' येईल. सातला सागर फोटो काढेल.